तिसरं पोतं

माझी सासू कमळ. तोंडावर मी तिला आय म्हणते, 'तुमी' म्हणते. मनात काय म्हणते ते विचारू नका. या बाईला आयुष्यात एकच गोष्ट पसंत पडली, ती म्हणजे तिचं स्वतःचं नाक. बाकी सगळ्याला ती ते मुरडत आली. माझा स्वयंपाक, माझं माहेर, धाकट्या जावेची नोकरी, शहापूरचे व्यापारी, मुरबाडचे व्यापारी, टीव्हीवर फोडण्या देणाऱ्या बाया, सगळ्यांना एकाच मापानं मोजलं.

पण नाक होतं, हे कबूल करावं लागेल. आमचं गाव आसनगावपासून थोडं आत. चैत्र लागला की गावातल्या बाया वर्षाच्या मसाल्याची मिरची घेऊन आधी आयसमोर यायच्या, मग ती मिरची डंकावर, मसाला कुटायच्या यंत्रावर, जायची. आय पाटावर बसायची, एक मिरची मोडायची, नाकाशी धरायची आणि निकाल द्यायची. 'ही गेल्या सालची हाय.' 'हिला रंग मारलाय, पान्यात टाकून बग.' एकदा एकीला म्हणाली, 'हा पोता खताच्या गोदामात व्हता.' आणि चौकशी केली तर खरंच होता. बाया जाताना पाटाशेजारी नारळ, चहापावडर असलं काहीबाही ठेवून जायच्या. आय त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. इतका तोरा.

या सगळ्यात माझं काम सूप धरून उभं राहण्याचं. चुकून एखादी मिरची उचलून मी नाकाशी नेली की आय म्हणायची, 'बाजूला हो. उजेड अडतो.' पंचवीस वर्षांत मसाल्याचं एवढंच ज्ञान तिनं मला दिलं. बाजूला हो.

यंदा माझ्या मुलाचं, हर्षितचं, लग्न वैशाखातलं ठरलं. मुलगी भिवंडीकडची. आमच्यात लग्नापेक्षा हळदीला गर्दी जास्त, आणि हळदीत नवऱ्यामुलापेक्षा मटणाच्या रश्श्याकडे लक्ष जास्त. भिवंडीकडचे सोयरे तर पंगतीत जेवायला बसत नाहीत, परीक्षा घ्यायला बसतात. रस्सा फसला तर हर्षितला नातवंडं झाली तरी लोक त्या हळदीचं नाव काढून हसतील. तेव्हा यंदाचा मसाला म्हणजे घराची अब्रू.

आणि नेमकं यंदाच गावात कुजबूज उठली होती की म्हातारीचं नाक गेलं. उठवली लहानीनं. लहानी आमची शेजारीण, आयची दूरची नणंदही लागते, आणि दोन्ही नात्यांनी डोक्याला ताप. मागच्या पावसाळ्यात आयला मोठा ताप येऊन गेला होता. त्यानंतर दिवाळीत लहानी आमच्याकडे बसायला आली. मी मागच्या दारी होते. गॅसवर दूध करपून काळं झालं, वास अंगणापर्यंत आला, आणि आय शेगडीपासून हातभर अंतरावर बसून लहानीला कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी सांगत होती. लहानीनं ते दूध गावभर नेलं. मी म्हटलं, म्हातारी दुसऱ्याच्या सुनेत इतकी रमली की घर जळालं तरी तिला कळणार नाही. मला त्यात नवल वाटलं नाही.

धाकटी जाऊ हेतल कल्याणला एका ऑफिसात जाते. तिला वाटतं, जगात जे काही आहे त्याला तारे दिलेले असतात. एका संध्याकाळी ती फोन पुढे करून म्हणाली, "आय, दरवर्षी राघोशेटकडंच का घ्यायची? कंपेअर करायला पायजे. क्वालिटी, प्राइस, व्हरायटी. शहापूरला नवीन मसाल्याचं दुकान झालंय, फोर पॉइंट सिक्स रेटिंग आहे. मुरबाडला होलसेलवाला आहे. नायतर सरळ रेडिमेड पॅकेट आणू."

लहानी होतीच ओटीवर. ती गोड आवाजात म्हणाली, "बरोबर हाय गो पोरीचं. वयनीचं पन आता वय झालं."

आयला ते झोंबलं. ती लहानीकडे न बघता म्हणाली, "तारे देनाऱ्यांच्या घरी हलद हाय का माझ्या घरी? चल, तुझी सगली दुकानं बगतू. जी मिरची मी उचलीन ती माझ्या नातवाच्या हलदीला. चुकली तर पुढच्या सालापासून मी पाटावर बसनार नाय. तुझी पाकिटं आना न खा."

लहानीनं हे वाक्य जपून घरी नेलं. सकाळपर्यंत साऱ्या आळीला कळलं होतं.

रविवारी आम्ही तिघी निघालो. आधी शहापूरचं नवीन दुकान. नाव 'स्पाइस अंगण'. अंगण कुठे दिसलं नाही, काचेचं दार होतं आणि आत एसी. मिरच्या बरण्यांत बसवलेल्या, दागिने ठेवतात तशा, आणि प्रत्येक बरणीच्या गळ्यात सुतळीनं बांधलेलं कार्ड: 'उन्हात प्रेमाने वाळवलेली.' मिरची उन्हानं वाळते. प्रेमानं वाळली असती तर आमच्या गावात एकाही घरी वाळली नसती.

एप्रन आणि हातमोजे घातलेली एक मुलगी पुढे आली. "मॅम, काय शो करू?"

आयनं तिच्या हातमोज्यांकडे पाहिलं. "मिरची इकतं का आपरेशन करतं?"

भाव शंभर ग्रॅमचा लिहिला होता, म्हणजे वाचणाऱ्याला धक्का बसू नये. आयनं मनात किलोचा हिशेब केला आणि तिथल्या वेताच्या खुर्चीत बसली. व्हरायटी म्हणाल तर बरण्या भिंतभर, पण तीच बेडगी तीन नावांनी तीन ठिकाणी. एका बरणीवर 'हेरिटेज' लिहिलं होतं. आयनं ते हेतलकडून वाचून घेतलं, अर्थ विचारला, आणि म्हणाली, "म्हंजे जुनी. जुनी मिरची जास्ती भावात. बरा धंदा हाय."

हे सगळं मला अपेक्षित होतं. एक गोष्ट मात्र राहिली. भिंतीवर एक डबी लावलेली होती, ती थोड्या थोड्या वेळानं फुस्स करायची आणि दुकानभर गुलाबाचा वास सुटायचा. मिरचीला गुलाब, हळदीला गुलाब, हिंगालाही गुलाब. मी एक मिरची नाकाशी धरली तर लग्नाच्या हॉलमधल्या बाथरूमची आठवण झाली. आय याच्यावर काय बोलते ते ऐकायला मी कान टवकारून उभी होते. तिनं बेडगी मोडली, नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाली, "काय नाय हिच्यात." बस्स. गुलाबाबद्दल अक्षर नाही. मी म्हटलं, शिव्यांच्या भरात एखादी राहून जाते.

तिथून एसटीनं किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला. हेतलचा होलसेलवाला बाजारपेठेत होता. वाळूशेट नावाचा ढेरपोट्या माणूस, दुकानात पोती छतापर्यंत. भाव ऐकून हेतलचे डोळे चमकले. वाळूशेटनं स्टोव्हवर तवा तापवून ठेवला होता. गिऱ्हाईक आलं की त्याच्यावर मूठभर मिरची टाकायची आणि अख्खं दुकान खोकायला लागलं की म्हणायचं, "बघा ठसका! हा ओरिजनल माल!" स्वतः मात्र आधीच रुमाल लावून मागे सरकायचा. आम्ही खोकलो, गिऱ्हाइकं खोकली, आयसुद्धा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकली. मला जरा हायसं वाटलं. म्हटलं, गुलाबाचं सोड, म्हातारी शाबूत आहे.

खोकला थांबल्यावर आयनं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातली मिरची वर काढली आणि दोन बोटांत वाकवली. मिरची मोडली नाही, नुसती वाकली.

"पानी मारलंय," आय म्हणाली. "वजन वाडवायला. शेट, मिरचीच्या भावात मना पान्याची हीर नको इकूस."

दुकानातल्या बाया हसल्या. दोघी तर पोत्याजवळून उठून चालत्या झाल्या. वाळूशेट म्हणाला, "मावशी, हवेतला ओलावा आहे तो."

"मुरबाडात चैत्रात हवेला ओलावा? तुझ्याच दुकानात ढग येतान का रं?"

बाहेर पडताना हेतलचं तोंड एवढंसं झालं होतं. मला मनातून गुदगुल्या होत होत्या. सासू दुसऱ्याला बोलते तेव्हा ऐकायला काय गोड वाटतं!

आता राहिलं राघोशेटचं दुकान, परत शहापूरला, पेठेत; आयनं ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्याच्या दुकानाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. राघोशेट पक्का व्यापारी होता. कमळबाय पहिलं पोतं कधीच पसंत करणार नाही, साक्षात देवानं आणून ठेवलं तरी नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणून तो मुद्दाम पहिलं पोतं गाळ मालाचं आणायचा. दुसरं बरं. तिसरं खरं. आय पहिल्याला नाक मुरडायची, दुसऱ्याला मान हलवायची, तिसऱ्यात हात घालायची. मग राघोशेट कपाळाला हात लावून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणायचा, "तुमच्यापुढं आपली काही चालत नाही बाय!" आणि दुकानातल्या बाया ओरडायच्या, "कमळबायनी उचलली ती द्या." त्याचं पोतं संपायचं, हिची मान ताठ व्हायची. वर्षानुवर्षं हे नाटक चाललं. मी सूप धरून बघत आले.

या थंडीत राघोशेट वारला. गल्ल्यामागे आता त्याचा मुलगा जगदीश. डोक्यावर बापाचा हार घातलेला फोटो, पुढ्यात, फोनवरून पैसे आले की आकडा ओरडणारी डबी. मी आणि हेतल एका बाजूला धणे आणि खोबरं बघायला थांबलो, आय पोत्यांकडे गेली. लहानी आधीच येऊन बसली होती. म्हणे, मलाही मिरची घ्यायची होती. रविवारची, नेमकी त्याच वेळेला, त्याच दुकानात!

धणे बांधून मी वळले तेव्हा दोन पोती बाजूला सारून झाली होती आणि जगदीश तिसरं सोडत होता. पहिल्या पोत्यावरून जाताना मी थबकले. संकेश्वरी होती, यंदाची, आणि वास असा की नुसत्या वासावर दोन भाकऱ्या जाव्यात. मी जगदीशला हळूच विचारलं, "ही का बाजूला ठेवली?"

तो बिचारा गोंधळलेला. "मावशींनी नको म्हटलं. मी म्हटलं सगळ्यात चांगला माल आधी दाखवू, म्हाताऱ्या माणसाला कशाला ताटकळत ठेवायचं. तर पहिलं नको, दुसरं नको. आता हे एवढंच राहिलंय."

बापानं मुलाला दुकान दिलं, रीत सांगितली नाही.

तिसऱ्या पोत्याचं तोंड सुटलं आणि ओल्या गोणपाटाचा भपका आला. भिजलेली मिरची परत ऊन देऊन वाळवलेली होती. हाताला कडकडीत लागत होती, रंगही बरा होता, पण आत मुरलेला कुबटपणा उन्हानं जात नाही. हा माल हॉटेलवाल्यांच्या लाल रश्श्यात जातो. हेतलसारख्या मुलीलाही तो वास आला, तिनं नाकाला रुमाल लावला.

आयनं मिरची मोडली. कट्टकन आवाज झाला. नाकाशी धरली, डोळे मिटले, मोठा श्वास घेतला.

"ही," ती म्हणाली. "आता कशी दावलीस! हीच तोल."

लहानी पुढे झाली. पोत्यातली एक मिरची उचलून तिनं हुंगली आणि तिच्या तोंडावर हसू पसरायला लागलं, सावकाश, अगदी चवीनं. हेतलनं रुमाल काढून तोंड उघडलं. दुकानात चार बाया होत्या, त्या सगळ्या आयकडे बघत होत्या.

आणि आय माझ्याकडे बघत होती. मिरचीकडे नाही, पोत्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे. माझं नाक आकसतंय का ते बघत होती. पंचवीस वर्षांत तिनं माझ्या तोंडाकडे कधी असं बघितलं नव्हतं. तेव्हा मला सगळं उमगलं, करपलेलं दूधही आणि तो गुलाबही. मिरचीचा ठसका लागायला वास कळावा लागत नाही, घसा असला की पुरे. पाणी मारलेली मिरची बोटांनीच ओळखता येते. राहिलं राघोशेटचं दुकान, तर तिथे म्हातारी पोती मोजत होती. नाटक तिलाही ठाऊक होतं आणि त्याच्याच भरवशावर ती आली होती.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. 'बाजूला हो' म्हणणारी बाई भर दुकानात उघडी पडत होती आणि मला त्यासाठी काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. मी मनातल्या मनात हसले. मग लहानीकडे लक्ष गेलं. तिच्या तोंडावरचं हसू नेमकं माझंच होतं. ते तिच्या तोंडावर मला बघवेना. आणि आयनं बोटांतली अर्धी मिरची पुन्हा एकदा नाकाशी नेली, डोळे माझ्यावरच ठेवून.

"काय जगदीशभाऊ," मी आवाज चढवला, "आमच्या आयला काय समजलात? 'ही तोल' म्हणाल्या न तुमी लगेच माप उचललंत? तुमच्या बापानं हातातली मिरची हिसकावून घेतली असती. बाय, ही तुमच्या घरी नाय देणार, असं बोलला असता. त्या बघत व्हत्या, बापामागं मुलगा कसा निघालाय. कुबट माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो का सांगतो."

जगदीशच्या हातातलं माप तसंच राहिलं. "मावशी, मी तर चांगलं आधीच..."

"आधी दिला म्हंजे काय उपकार केलास?" आय कडाडली. एका श्वासाचाही अवकाश गेला नाही. "मी नको बोलली तं तू गप बसलास कसा? ही चांगली हाय, घ्याच, असा सांगाया नको? न हा कुजका तोलाया निघालास! राघो असता तं लाजला असता." तिनं वर फोटोकडे हात केला. "पयला पोता आन माघारी. आन!"

दिवसभरात भेटलेला तो एकटा सरळ माणूस, आणि सगळ्यात जास्त बोलणी त्यालाच बसली. त्यानं फोटोला हात जोडले आणि पहिलं पोतं ओढत आणलं. बाया पुढे सरकल्या. एकीनं तिथल्या तिथे म्हटलं, "कमळबायनी उचलली ती मना पन द्या." डबी ओरडायला लागली. हेतलनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आयकडे, आणि फोन पर्समध्ये टाकून पिशवीचं तोंड धरलं. लहानी तिसऱ्या पोत्याशी उभी होती. तिचं समाधान झालेलं नव्हतं, पण तिच्या हातात धरण्यासारखंही काही राहिलं नव्हतं.

परत येताना रिक्षात हेतल पुढे बसली, कानात गाणी घालून. मिरचीची पिशवी आयच्या मांडीवर. ती बाहेर बघत होती.

"कंदीपासून?" मी विचारलं.

"तापापासून." तिनं मान वळवली नाही. "कायच येत नाय गो. वास नाय, चव नाय. जेवान कागदासारखा लागतं."

मला जेवणावरून आठवलं. "पण रोज तर बोलता, मीठ कमी, मसाला कच्चा, आमटी पांचट. परवा माझ्या कालवणाला तुमी नाव ठेवलंत. चव कलत नव्हती तर कशाला?"

"बोलली नसती तं तुमाला कललं नसतं का?"

"म्हणजे पावसाळ्यापासून, न चाखता?"

"तुझा जेवान चाखाया कशाला पायजे?" आय म्हणाली.

असा संताप आला मला! तिथंच रिक्षातून उतरून चालत जावं असं वाटलं. तेवढ्यात तिनं पिशवीचं तोंड उघडलं, चेहरा आत घातला आणि पुन्हा पुन्हा श्वास घेतला. मग वर आली. डोळ्यांत पाणी होतं, ते मिरचीनं आलं म्हणायची सोय होती, पण तिनं तसं म्हटलं नाही.

"हर्षितच्या हलदीला सगल्या गावाला वास येल," ती म्हणाली. "वाटेवरून जानाऱ्याला पन येल. न मी त्याची आजी, मना नाय येनार."

"मी सांगीन तुमाला, कसा आलाय तो," मी म्हटलं.

"तू काय सांगनार! तुना कुटं कलतं," ती म्हणाली आणि पिशवीचं तोंड घट्ट धरून बसली. घर येईपर्यंत मात्र तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला होता. तिनं तो काढला नाही.

पुढच्या आठवड्यात मसाला कुटायला डंकावर गेलो. आमचा डंक गावाच्या वेशीजवळ, पत्र्याच्या शेडमध्ये. दारात आयचा पाट मांडला होता. बाया सुपं घेऊन रांगेत होत्या, कारण दुकानातली गोष्ट तोपर्यंत गावात दुप्पट होऊन पोचली होती. कमळबायनी जगदीशला कसा पकडला, हे जी तिथे नव्हती तीही रंगवून सांगत होती. आय पाटावर चढून बसली आणि मी शेजारी सूप धरून उभी राहिले. दुकानात निभावलं, इथे समोर अख्खी आळी, आणि एकेक मिरची तिच्या हातात येणार.

पहिलं सूप लहानीचं. तिनं रांगेत दोघींना मागे सारून ते पुढे आणलं होतं आणि आयच्या पायाशी ठेवलं. "वयनी, जरा बग. मना काय कलत नाय, तुलाच कलतं."

बाया माना उंचावून बघायला लागल्या. डंकावरच्या माणसानंही यंत्र बंद केलं. लहानी हात बांधून उभी राहिली आणि आयच्या नाकाकडे बघत राहिली.

आयनं सुपातल्या मिरचीला हातही लावला नाही. तिनं पदर सारखा केला.

"हिला दे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी कवर बगू? पंचवीस वर्सं घासली हिच्यावर, आता कुटं जरा नाक फुटलंय. ती सांगील तां माझाच सांगना."

पंचवीस वर्षं घासली! माझ्या तोंडावर आलं होतं की बायांनो, हिनं मला काय शिकवलं ते विचारा. गिळलं. सूप खाली ठेवलं, लहानीची एक मिरची उचलली, मोडली आणि पहिल्यांदा त्या जागी सगळ्यांसमोर नाकाशी धरली. ओल्या गोणपाटाचा तो वास मला झोपेतही ओळखू आला असता. आयला पकडायचं म्हणून या बाईनं स्वतःच्या पैशानं कुजकी मिरची आणली होती.

"जगदीशकडचं तिसरं पोतं," मी म्हटलं. "हॉटेलवाल्यांचं."

बायांत हसू फुटलं. लहानीचं तोंड मिरचीपेक्षा लाल झालं. ती काहीतरी म्हणणार होती, पण आयनं बोट वर केलं.

"ऐकलास ना? उचल तुझा सूप न बाजूला हो. उजेड अडतो."

लहानी बाजूला झाली. मग आयनं दोन्ही हात टेकले, कण्हत थोडी वर झाली आणि स्वतःही बाजूला सरकली. पाटावर टीचभर जागा झाली. तिनं त्या जागेवर हात आपटला.

"बस हितं," ती म्हणाली. "हुबी राहून काय वास येतो?"

मी बसले. पाट दोघींना पुरत नव्हता, म्हातारीचं कोपर माझ्या बरगडीत रुतत होतं. पुढचं सूप आलं. तिनं मिरची मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली.